तातडीने मदत हवी आहे: वायरलेस माऊस लागत नाही

नळस्टॉप | शनिवार, स. ९:४०
नवा वायरलेस माऊस आणला, कॉम्प्युटरला लागत नाहीये. काल रात्रीपासून तीनदा काढघाल करून झाली. माऊसच्या पोटाचा निळा दिवा लुकलुकतो, स्क्रीनवरचा बाण ढिम्म. सोमवारी सकाळी मजकूर छापखान्यात द्यायचाय, तेव्हा कृपया आजच सांगा. जुन्या माऊसची वायर उंदराने कुरतडली. हो, खऱ्या उंदराने. विनोद करून झाले की उत्तर द्या. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

पर्वतीपायथा | ९:४८
सेल उलटा बसला असणार. माझं अगदी असंच झालं होतं. सपाट बाजू स्प्रिंगकडे.

नळस्टॉप | ९:५१
दिवा लागतोय असं वर लिहिलंय.

जुना_सोल्डर | १०:०५
कुठला कॉम्प्युटर? त्यावर काय टाकलंय? डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं ते चिमुकलं, लावलंय का?

नळस्टॉप | १०:०७
साधा डेस्कटॉप. विंडोज. डोंगल लावलंय हो, त्याशिवाय कसा चालेल?

मिंटसरबत | १०:१२
'विंडोज' म्हणालात तिथेच रोगाचं निदान झालं. विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट टाका. तासाभराचं काम, फुकट, आणि माऊस, प्रिंटर सगळं आपोआप ओळखतं. आमच्या घरी २०१४ पासून विंडोज नाही.

शनिवारपेठी | १०:१५
आला मिंटवाला. कुणी पाण्याची टाकी गळते म्हणून धागा काढला तरी हा मिंट टाकायला सांगेल.

जुना_सोल्डर | १०:२०
धागाकर्ते, विंडोज कितवं? आणि डोंगल माऊसच्या खोक्यातून निघालं की वेगळं घेतलंत?

नळस्टॉप | १०:३१
विंडोज ७. डोंगल वेगळं घेतलं, खोक्यात नव्हतंच. तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला, ब्लूटूथचा माऊस आहे, हे डोंगल लावा, पळेल. डोंगल कॉम्प्युटरने ओळखलं, यादीत माऊसचं नावही येतं. पण जोडायला गेलं की ड्रायव्हर (माऊस चालवणारं सॉफ्टवेअर) सापडला नाही म्हणतो. हे आधी सांगायला हवं होतं का?

जुना_सोल्डर | १०:४४
हो!

आता नीट ऐका. वायरलेस माऊस दोन जातींचे. एकाबरोबर नखाएवढा रिसीव्हर येतो. तो माऊसशी आपल्या भाषेत बोलतो आणि कॉम्प्युटरला सांगतो, मी साधा यूएसबी माऊस आहे. अशा माऊसला विंडोज कितवं आहे याने फारसा फरक पडत नाही. दुसरी जात ब्लूटूथची. हल्लीचे ब्लूटूथ माऊस बहुतेक 'लो एनर्जी' प्रकारचे असतात, म्हणून तर एका सेलवर महिनोन् महिने चालतात. ही लो एनर्जी भानगड विंडोजला ८ पासून कळते. ७ ला कळत नाही. डोंगलवर ब्लूटूथ ५.० लिहिलेलं असो नाहीतर ५०.०, अडलंय ते विंडोजमध्ये. माऊस दिसतो पण जुळत नाही, याचं कारण बहुधा हेच.

खोकं जपून ठेवलं असेल तर परत करा आणि रिसीव्हरवाला आणा. त्याआधी माऊस उलटा करून पाहा, ब्लूटूथ आणि २.४ (म्हणजे रिसीव्हर) असा सरकवायचा खटका आहे का? असला तर रिसीव्हर सेलच्या कप्प्यात लपलेला असू शकतो.

नळस्टॉप | १०:५८
खटका नाही. कप्प्यात सेलशिवाय काही नाही. खोकं काल फाडलं.

मिंटसरबत | ११:०३
लिनक्सला लो एनर्जी कळतं, एवढंच नोंदवतो. शिवाय विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. ते नेटला जोडून ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं.

नळस्टॉप | ११:१०
दादा, कॉम्प्युटर माझा नाही, बाबांचा आहे. वय ७६. ज्येष्ठ नागरिक संघाचं मासिक पत्रक ते जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर लावतात. ते ७ च्या पुढे चालत नाही आणि मागे त्याचं हार्डवेअर लॉक, म्हणजे यूएसबीची किल्ली, खोचलेलं असतं. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडतसुद्धा नाही.

मिंटसरबत | ११:१४
मग मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स, त्यात विंडोज ७, आणि लॉकचं यूएसबी आत द्यायचं. सोपं आहे.

शनिवारपेठी | ११:१५
७६ वर्षांच्या माणसाला कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर. सोपं आहे!

इनस्क्रिप्टप्रेमी | ११:२२
मूळ चूक जुन्या फॉन्टची. पत्रक युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत) आणा आणि वडिलांना इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. पंधरा दिवसांत हात बसतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, आणि एकदा बसलं की

शनिवारपेठी | ११:२४
सोमवारी छापखाना आहे हो.

चकलीभाजणी | ११:४०
माऊस मिळेपर्यंत काम का थांबवता? कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग आहे ना? डावं अल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबा. प्रश्न येईल, 'होय' म्हणा. मग ८, २, ४, ६ ने बाण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जातो. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं बटण म्हणजे डबल क्लिक. बाण चालला नाही तर नमलॉक एकदा दाबून बघा. माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा दीड महिना असंच चालवलं. सुरुवातीला गोगलगाय वाटते.

नळस्टॉप | दु. १२:१५
चकलीभाजणीताई, बाण हलला!!! बाबा शेजारी बसून ५ दाबतायत. पानाचा खालचा चौकोन त्यांनीच सरकवला. धन्स.

आता तपकीर गल्लीत निघतो. एक अडचण राहिली. मागे चार काळे पोर्ट आहेत, चारही भरलेले: कीबोर्ड, प्रिंटर, लॉक आणि वायफायचं डोंगल. पुढचे दोन कधीच मेले. मागे दोन निळे रिकामे आहेत, पण त्यांत काही लावलं तरी हालचाल नाही.

बाणेरबोळ | १२:२२
निळा पोर्टच वापरा, तो यूएसबी ३ असतो, वेगवान. माऊस मख्खन चालेल.

जुना_सोल्डर | १२:३०
माऊसला वेग घेऊन काय करायचंय? विंडोज ७ ला निळ्या पोर्टचा ड्रायव्हर स्वतःचा नसतो, मदरबोर्डच्या सीडीतून टाकावा लागतो. म्हणून ते मेल्यासारखे दिसतात. आणि जागे झाले तरी शेजारचा यूएसबी ३ चा गोंगाट रिसीव्हरच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर सांडतो, बाण अडखळतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलंय.

बाणेरबोळ | १२:३३
माझ्याकडे चार वर्षं निळ्यात लावलाय, एकदाही अडखळला नाही.

जुना_सोल्डर | १२:३६
चालत असेल. माझ्याकडे पेनड्राइव्हवर कॉपी सुरू झाली की बाणाला उचक्या लागायच्या. रिसीव्हर हातभर एक्स्टेन्शनवर टेबलावर आणला, थांबल्या.

धागाकर्ते, छोटा यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक करणारा) घ्या. कीबोर्ड आणि माऊसचा रिसीव्हर हबवर. लॉक मात्र थेट पोर्टातच राहू द्या, काही लॉक हबवर रुसतात. मागे जांभळं आणि हिरवं गोल छिद्र आहे का तेही पाहा. असेल तर हिरव्यात जुना गोल पिनवाला माऊस बसेल, हबही नको. पण तो कॉम्प्युटर बंद करून लावा.

नळस्टॉप | रात्री ८:५०
गोल छिद्र एकच, जांभळं. हब घेतला. माऊस परत घ्यायला दुकानदाराने नकारार्थी मान हलवली, फाटलेलं खोकं बघून. तो माऊस आता मुलीच्या लॅपटॉपला लागला, पाच सेकंदांत. रिसीव्हरवाला दुसरा आणला, लावला, विंडोजने दोन मिनिटं विचार केला आणि चालू.

पत्रकाची तीन पानं मात्र बाबांनी दुपारीच आकड्यांवर लावून ठेवली होती. चौथं माऊसने करा म्हटलं तर म्हणाले, "थांब, ही रेघ याने जास्त सरळ जातेय."

पर्वतीपायथा | ९:१२
नव्या माऊसचा सेल कुठल्या बाजूने घातलात?