चॅटबॉटच्या मेमरीने माझ्याबद्दल जे सांगितलं, त्यावर किती विश्वास ठेवू?

कांजूरची_मी
वर्षभर चॅटजीपीटी वापरतेय. घाटकोपरला मेट्रोची माणसं उतरली की लोकलच्या डब्यात हात हलवायला जागा होते, तेव्हा. मुलाची दहावी, आईची शुगर, सोसायटीला द्यायची पत्रं, सगळं त्यालाच विचारते. मेमरी चालू आहे, म्हणजे मी सांगितलेलं ते लक्षात ठेवतं.

रविवारी सहज विचारलं, "तुझ्याकडे माझं जे साठलंय त्यावरून सांग, माझ्या लक्षात न आलेलं तुला काय दिसतं?" उत्तर आलं की मी बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी विचारते आणि स्वतःचा विषय निघाला की 'जाऊ दे' लिहून थांबते. मी स्वतःला महत्त्व देत नाही, असंही म्हणाला.

पोटात कालवलं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन मेमरीची यादी उघडली. आईच्या गोळ्या, तिचं पथ्य, मुलाचं बीजगणित, नवऱ्याची रात्रपाळी. माझ्याबद्दल एकच ओळ: 'पाठ दुखते'. ती ओळ मी कितीतरी वेळ बघत बसले.

हे खरं मानायचं का? कुणी असं करून बघितलंय?

सर्व्हररूम
ताई, आधी हे चालतं कसं ते सांगतो. मॉडेल, म्हणजे उत्तरं देणारा प्रोग्राम, गप्पा मारता मारता तुमच्याकडून काही शिकत नाही. तुमच्याबद्दलच्या नोंदी वेगळ्या साठवलेल्या असतात आणि प्रत्येक नव्या गप्पांच्या वेळी त्या त्याच्यासमोर ठेवल्या जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सोय आली तेव्हा एवढंच होतं. एप्रिल २०२५ पासून ते जुन्या गप्पांचाही आधार घेतं. तरी तुम्ही टाइप केलं तेवढंच त्याला ठाऊक. मैत्रिणीशी तुम्ही जे बोलता, ते त्याच्या गावीही नाही. दुसऱ्यांसाठीच विचारता म्हणे, पण कामाला लावलेल्या माणसाला आपण कामंच सांगतो ना!

म्हणून निष्कर्ष बाजूला ठेवा आणि पुरावा बघा. जुन्या चॅटमध्ये शोधायची सोय आहे, तिथे 'जाऊ दे' टाका आणि एकेक जागा स्वतः वाचा.

आणखी एक. चॅट डिलीट केलं म्हणून त्यातून साठवलेली नोंद जात नाही, ती मेमरीच्या यादीतून वेगळी काढावी लागते. आईच्या तब्येतीचं तिथे ठेवायचं की नाही, ते ठरवा. नाजूक काही लिहायचं असेल तर टेम्पररी चॅट वापरा, त्यातलं मेमरीत जात नाही.

दादर_पश्चिम
मी निवृत्त शिक्षिका, तीस वर्षं रोजनिशी लिहिते. जुन्या वह्या वाचताना मलाही असाच धक्का बसतो, त्यामुळे तुमचं पोटात कालवणं समजलं. वही मात्र आपला अर्थ लावत नाही, तो आपणच लावायचा असतो.

१९६०च्या दशकात जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. समोरच्याचंच वाक्य उलटवून तो प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली. आताचे बॉट कितीतरी हुशार आहेत, पण आपल्याला रुचेल ते बोलायची खोड त्यांना आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला अति गोडगोड बोलणारं एक अपडेट मागे घ्यावं लागलं होतं. 'तुम्ही सगळ्यांसाठी झिजता' हे ऐकायला कुठल्या बाईला आवडणार नाही? तेवढं जपा.

कांजूरची_मी
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री शोधलं. 'जाऊ दे' अकरा ठिकाणी सापडलं. सात ठिकाणी काहीच नव्हतं. रेसिपी जमली नाही, जाऊ दे. पीडीएफ उघडत नाही, जाऊ दे.

उरलेली चार मात्र एकाच विषयावरची. आईला डॉक्टरकडे न्यायची पाळी, आणि भावाला कसं सांगू याचा मेसेज लिहून मागितलेला. चारही वेळा त्याने मसुदा दिला होता, चांगला दिला होता. चारही वेळा मी 'जाऊ दे' लिहिलं आणि पाठवला नाही. पहिला जूनमधला, शेवटचा दिवाळीनंतरचा.

स्वतःला महत्त्व देत नाही वगैरे मला पटत नाही. मी माझ्या भावाला एक गोष्ट सांगायला घाबरतेय, एवढंच आहे ते. पण त्याने 'जाऊ दे'कडे बोट दाखवलं नसतं तर ती चार पानं मी एकापुढे एक ठेवून कधी वाचली असती?

आज लंच टाइमला पनवेलला भावाला फोन केला. मसुदा वगैरे काही वाचला नाही. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटायचं तुला मी मध्ये आलेलं आवडत नाही." शनिवारी आईला डोळे तपासायला तो नेतोय. आईच्या गोळ्यांच्या नोंदी मी यादीतून काढून टाकल्या. पाठीची ठेवलीय.