सल्ला हवा: जीटीएक्स १६५० वर स्कायरिम + ईएनबी, बजेट ३ हजार (आधी पूर्ण वाचा प्लीज)

कराडचा_ड्रॅगन
मंडळी नमस्कार. पीसी असा आहे, प्रोसेसर आय३ १०१००एफ, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० चार जीबी, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एसएसडी, १०८०पी मॉनिटर. स्कायरिम स्पेशल एडिशन हा गेम मॉड (लोकांनी बनवलेली वरची भर) नसताना ६० फ्रेमवर मख्खन चालत होतं. मग व्हिडिओ बघून बघून ४के टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) टाकले, गवत टाकलं, झाडं टाकली आणि वरून ईएनबी, म्हणजे प्रकाश-सावल्या भारी करणारा मॉड. आता गेममधल्या रिव्हरवुड गावात शिरलो की २२-२५ फ्रेम, आणि मान वळवली की एसटी स्पीडब्रेकरवरून जावी तसा गचका. पण दिसतं इतकं भारी की काढवत नाही. काय ठेवू काय काढू? बजेट ३ हजार. तीन. कार्ड बदल म्हणू नका.

पंखा_फुल्लवर
कार्ड बदल. मी आरएक्स ६६०० घेतलं, ८ जीबी, सगळे मॉड अल्ट्रावर चालतात, आयुष्यात परत मागे वळून बघितलं नाही.

कराडचा_ड्रॅगन
दादा, तीन हजार.

पंखा_फुल्लवर
अरे थोडे घालायचे वरून.

उदबत्ती_वाला
आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) कोण बदलणार? त्याचं १६५० ७५ वॉटचं, ६६०० म्हणजे १३२ वॉट आणि वेगळी ८ पिनची वायर. मी कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर सेकंडहँड आरएक्स ५८० लावलं होतं, दुकानदार म्हणाला "बिनधास्त लावा साहेब". तिसऱ्या दिवशी मागून धूर, आणि आतल्या खोलीतून आई विचारतेय, उदबत्ती लावलीस का रे? तेव्हापासून हे नाव घेतलंय.

टेक्स्चर_मास्तर
कार्डाचं राहू द्या, पोराचा प्रश्न वाचा. गचका आणि कमी फ्रेम हे दोन वेगळे आजार आहेत. गचका हा व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरल्याचा. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा, खाली डेडिकेटेड मेमरी ३.९/४.० दिसत असेल तर तोच. हिशोब सांगतो, ४के म्हणजे ४०९६ चं एक टेक्स्चर बीसी७ पद्धतीने दाबलेलं असलं तरी मिपमॅप (त्याच्याच लहान प्रती) धरून साधारण २१ एमबी, २के चं सव्वापाच, १के चं दीडच्या आत. आणि प्रत्येक वस्तूला रंगाचं वेगळं, उंचसखलपणाचा नॉर्मल मॅप वेगळा. म्हणजे एका बादलीला ४० एमबी! बादलीत तोंड घालून बघणारेस का? डोंगर, रस्ते, अंगावरचं चिलखत २के ठेव, बाकी भांडीकुंडी सगळी १के. १०८०पी वर फरक ओळखून दाखवलास तर चहा माझ्याकडून.

गवतकापे
+१ मास्तर. पण खरा चोर गवत आहे. स्कायरिम.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये आयमिनग्राससाइज बघ, मुळात २० असतो, गवताचे मॉडवाले बदलायला सांगतात. नाव उलटं आहे, आकडा वाढवला की गवत विरळ होतं. मी ७५ केलाय. सावल्यांचं अंतरपण कमी कर, एफशॅडोडिस्टन्स, तो भार प्रोसेसरवरपण पडतो.

बारामती_६९फ्रेम
मी तर म्हणतो ४के टेक्स्चर काढून २के टाक, व्हीरॅम भरत असणार.

टेक्स्चर_मास्तर
वरती काय लिहिलंय मी?

जुनं_ते_सोनं
२०११ चं स्कायरिम टाक. हलकं आहे.

गवतकापे
आणि ते ३२-बिट, मॉड जरा जास्त झाले की धाडकन डेस्कटॉपवर. स्पेशल एडिशन २०१६ पासून ६४-बिट आहे ते काय उगाच?

जुनं_ते_सोनं
आमचं कधी क्रॅश झालं नाही.

उदबत्ती_वाला
तुम्ही व्हाइटरन शहराच्या बाहेर कधी पडलात काका 😄

रात्रपाळी
ईएनबीचं कोणी बोलतच नाहीये. शिफ्ट-एंटर दाबून पॅनल उघड, त्यातलं डेप्थ ऑफ फील्ड (दूरचं धूसर करणारं) बंद कर, एसएसएओ (कानाकोपऱ्यातल्या सावल्या) बंद कर किंवा दर्जा खाली आण, मग शिफ्ट-एफ१२ ने ईएनबी चालू-बंद करून एकाच जागी उभं राहून फ्रेम मोज. तरी नाही जमलं तर ईएनबी पूर्ण काढ आणि कम्युनिटी शेडर्स हा तसाच दुसरा मॉड टाक, बरंच हलकं पडतं. दोन्ही एकत्र नको. तीन हजारांत तशीच दुसरी ८ जीबी स्टिक मिळाली तर घे, एका स्टिकवर सिंगल चॅनल, म्हणजे रॅमची एकच वाट, चालतंय तुझं.

पंखा_फुल्लवर
रॅमचे भाव बघितलेस का हल्ली? त्यापेक्षा सोनं घे.

बारामती_६९फ्रेम
माझ्याकडे १४४ फ्रेम येतात पण टेबलावरची ताटं आपोआप उडतात, कोणाला येतो का हा प्रॉब्लेम

रात्रपाळी
६० च्या वर फिजिक्स बिघडतं. एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हा मॉड टाक. आणि वेगळा धागा काढ ना बाबा.

कराडचा_ड्रॅगन
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो. बादल्या १के वर आणल्या, गचका जवळपास गेला, मास्तर जिंदाबाद. आयमिनग्राससाइज ७० केला. ईएनबी काढून कम्युनिटी शेडर्स टाकून बघितले, फ्रेम ५० च्या पुढे, पण ती संध्याकाळ दिसेना जी ईएनबीत रिफ्टेनच्या पिवळ्या झाडांतून येते. परत टाकलं. मग मामाच्या ऑफिसातला जुना १६०० बाय ९०० चा मॉनिटर बाराशेला उचलला. पिक्सेल ३० टक्के कमी. आता ईएनबीसकट ३८-४० येतात आणि मी खूश.

टेक्स्चर_मास्तर
अरे देवा. सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी केलं असतंस तर फुकटात झालं असतं की.

कराडचा_ड्रॅगन
केलं होतं. १०८० च्या पडद्यावर ९०० ताणलं की सगळं पुसट दिसतं, अक्षरंसुद्धा. ह्याच्यावर रेघ न् रेघ स्वच्छ. फक्त डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आहे, तो रात्री तारा समजतो.

पंखा_फुल्लवर
म्हणजे मॉनिटर मागे नेला पण कार्ड नाही बदललं. धन्य आहे. उरलेले अठराशे बाजूला ठेव, ६६०० ला लागतील.