लेकीचा पहिला पासपोर्ट: माझ्या दोन नावांचा घोळ आणि हातात तीनच सुट्ट्या (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लेकीचा पहिला पासपोर्ट काढायचा आहे आणि एका जागी येऊन अडले आहे. ज्यांनी अलीकडे मुलांचा पासपोर्ट काढलाय त्यांनी कृपया सांगा.

आम्ही पुण्यात राहतो. लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. माझी बहीण मस्कतला असते. तिला दिवस गेलेत, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आई तिच्याकडे जाणार आहे आणि लेकीला सोबत न्यायचं म्हणतेय. मावशी-भाचीची भेट होऊन दोन वर्षं झाली. लेक रोज रात्री झोपताना "अजून किती दिवस?" विचारते, आणि इथे अजून अर्जही भरलेला नाही.

मी बँकेत कॅश काउंटरला आहे. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांत पगार आणि पेन्शनची गर्दी असते, तेव्हा रजा मागायचीच नाही. नवरा चाकणला कारखान्यात, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. लेकीला मधे डेंगू झाला त्यात माझ्या बऱ्याच रजा गेल्या. आता वर्षअखेरपर्यंत तीन सीएल उरल्यात. त्यातली एक मी पासपोर्टसाठी देऊ शकते, फार तर दोन. केंद्रावरून परत पाठवलं तर मोठी पंचाईत होईल, म्हणून आधीच सगळं नीट विचारून घेते आहे.

आता मुख्य अडचण. माझा पासपोर्ट २०१७ चा, लग्नाआधीचा. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. नवऱ्याच्या नावाची जागा अर्थातच रिकामी. पुढे लग्न झालं. आधार, पॅन, बँक, सगळीकडे सासरचं नाव लागलं, पासपोर्ट मात्र कुठे जाणं नव्हतं म्हणून तसाच राहिला. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात माझं लग्नानंतरचं नाव आहे. म्हणजे दाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची मी, कागदावर दोन वेगळ्या बायका दिसतोय. नवऱ्याचा पासपोर्ट चालू आहे, पण त्यावरही बायकोचं नाव नाही.

घराजवळच्या एका एजंटला विचारलं. तो म्हणाला, आधी जन्मदाखला दुरुस्त करा, प्रतिज्ञापत्र करा, मगच अर्ज, तीन हजार होतील. दाखल्यात चूक काहीच नाही, ते माझंच नाव आहे. मग दुरुस्त काय करायचं? मला हे पटत नाही, पण खात्रीही नाही.

विचारायचं ते हे:

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं तर भागेल का, की आधी माझा पासपोर्ट नव्या नावाने करून घ्यावा लागेल?

आई-वडील दोघांनी केंद्रावर जायलाच हवं का? नवऱ्याला आणि मला एकाच दिवशी सुट्टी मिळणं कठीण आहे.

लेकीचं आधार अजून निळंच, म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं आहे, पाच वर्षांनंतरचं बोटांच्या ठशांचं अपडेट राहिलंय. त्यावाचून अडेल का?

आणि दिवसभर घराला कुलूप असतं. पासपोर्ट पोस्टाने येतो तेव्हा घरी कोणी नसलं तर काय होतं?

---

प्रतिसाद १

ताई, एजंटला एक रुपया देऊ नका. आमचीही हीच कथा होती, बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स दाखवली, अधिकाऱ्याने दोन्ही नावं ताडून पाहिली आणि काम झालं. दाखल्याला हातही लावायला लागला नाही.

दोघांनी जायची गरज नाही. 'अ‍ॅनेक्शर डी' नावाचा नमुना साइटवर आहे, तो साध्या कागदावर छापून दोघांनी सही करायची. मूल आपलं आहे आणि पासपोर्ट काढायला दोघांची संमती आहे, असा त्याचा आशय. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. २०१६ च्या डिसेंबरात नियम बदलले तेव्हापासून हे सगळं साध्या कागदावर चालतं. त्याच वेळी विवाह प्रमाणपत्राची सक्तीही काढली, पण तुमच्या बाबतीत दोन नावं जुळवणारा तोच एक कागद आहे, तेव्हा तो न्याच.

एक गोष्ट मनावर घेऊन करा. नवरा येणार नसेल तर त्याच्या पासपोर्टच्या झेरॉक्स, पहिली दोन पानं आणि शेवटची दोन पानं, प्रत्येक पानावर त्याची सही घेऊन ठेवा. असे दोन संच करा. अ‍ॅनेक्शर डीच्याही सह्या केलेल्या दोन प्रती ठेवा. त्याचा मूळ पासपोर्टही सोबत ठेवा. आमच्या ओळीत पुढे एक बाई होत्या, त्यांच्याकडच्या एका पानावर नवऱ्याची सही राहिली होती आणि नवरा नाशिकला. त्यांचा दिवस फुकट गेला, कडेवर बाळ घेऊन परत गेल्या. ते बघवत नव्हतं.

प्रतिसाद २

थोडं वेगळं सांगते. तुमचा पासपोर्ट २०१७ चा म्हणजे २०२७ मध्ये संपणारच. शिवाय बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. तुम्हाला स्वतःला पुढे कधी जायचं असेल तर नाव बदलून नवीन करून घेणं शहाणपणाचं. एकाच लॉगिनमधून दोघींचे अर्ज भरता येतात. फक्त आत्ता तो घाट घालू नका, आधी लेकीचं होऊ दे. तुमच्या अर्जात काही अडकलं तर तिचाही जीव टांगणीला लागेल.

आधारचं म्हणाल तर माझ्या मुलाचं निळंच होतं, कोणी विचारलंही नाही. जन्मदाखला महत्त्वाचा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त दाखलाच चालतो. माझा धाकटा २०२४ चा आहे, त्याच्या वेळी हे कळलं. पण आधारचं अपडेट विसरू नका, पाच ते सात वर्षांत ते मोफत असतं.

दाखल्यावर लेकीचं नाव आहे ना, ते एकदा उघडून बघा. आमच्या शेजारी नावाचा रकानाच कोरा होता, बाळाचं नाव ठरायच्या आत नोंद झालेली. तसं असेल तर आधी महापालिकेत जाऊन नाव घालावं लागतं. आणि दाखल्यावर जसं आहे, अगदी तसंच अर्जात भरा. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, हे दाखला बघून ठरवा.

प्रतिसाद ३

फीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. लहान मुलांना साधी फी १००० रुपये, आठ वर्षांच्या आतल्यांना पहिल्या पासपोर्टवर दहा टक्के सूट, म्हणजे तुम्हाला ९०० पडतील. तत्काळला वर २००० जातात. मुदत पाच वर्षांचीच मिळते. साइटच्या पत्त्याच्या शेवटी gov.in म्हणजेच 'जीओव्ही डॉट इन' आहे का हे बघूनच पैसे भरा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट खूप आहेत.

अपॉइंटमेंटची तारीख तीनदापर्यंत बदलता येते. त्यामुळे दिसेल ती तारीख घेऊन ठेवा आणि रोज बघत राहा, कोणी रद्द केली की अलीकडची मिळते. मला अशीच मिळाली. चार वर्षांच्या आतल्या मुलांचा फोटो न्यावा लागतो, तुमच्या लेकीचा तिथेच काढतील. तिला पांढरा फ्रॉक घालू नका, मागचा पडदा पांढरा असतो.

---

धागाकर्ती: काय झालं ते

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, आणि एकाच सीएलमध्ये झालं. पुढच्या कोणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

अर्ज रात्री साडेदहानंतर बसून भरला, दोन रात्री लागल्या. दाखला काढून पाहिला. त्यावर लेकीचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव होतं, तसंच्या तसं घातलं. पहिली तारीख महिन्याच्या ६ ला मिळाली, ती मला शक्यच नव्हती. रोज रात्री झोपायच्या आधी बघत राहिले, पाचव्या दिवशी १९ तारखेची पावणेदहाची वेळ मोकळी दिसली आणि बदलून घेतली.

मुंढव्याच्या केंद्रात लेकीला घेऊन मी एकटीच गेले. नवरा रात्रपाळी करून नुकताच घरी येऊन झोपला होता. टोकन घेतलं, ए काउंटरवर कागद स्कॅन होताना तिथल्या मुलीने विचारलं, "वडिलांच्या शेवटच्या पानावर सही कुठाय?" पोटात धस्स झालं. पहिल्या संचात नेमकी तीच एक सही राहिली होती. दुसरा संच काढला, त्यात होती. प्रतिसाद १ लिहिणाऱ्या दादा, त्या क्षणी तुमचे किती आभार मानले ते मलाच ठाऊक. तुम्ही लिहिलं नसतं तर मीही त्या बाईंसारखी परत आले असते.

लेकीचा फोटो दोनदा काढला, कपाळावरचे केस डोळ्यांवर येत होते. माझ्याच केसांतली पिन काढून तिला लावली. बी काउंटरच्या अधिकाऱ्यांनी माझा पासपोर्ट, दाखला आणि विवाह प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवून नावांवर पेन फिरवत वाचलं. मग लेकीला विचारलं, "तुझं नाव काय गं?" शाळेत शिकवलंय तसं तिने हात मागे बांधून पूर्ण नाव सांगितलं, इयत्ता आणि तुकडीसकट. त्यांनी मान डोलावली आणि सी काउंटरला जायला सांगितलं. साडेअकराला बाहेर पडलो.

पोलीस पडताळणी लागली नाही, आमचे दोघांचे पासपोर्ट चालू होते म्हणून असेल.

राहिला पोस्टाचा प्रश्न. स्पीड पोस्ट निघाल्याचा मेसेज आला तेव्हाच जेवणाच्या सुट्टीत आमच्या पोस्ट ऑफिसात जाऊन विचारून आले. शेजारी कोणाकडे देत नाहीत, हे स्पष्ट सांगितलं. घर बंद दिसलं तर पाकीट परत पोस्टात ठेवतात, ओळखपत्र दाखवून आई किंवा वडिलांनी घ्यायचं. तसंच झालं. पोस्टमनकाकांनी दारातून फोन केला, मी कॅशवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडताच माझं आधार आणि लेकीच्या अर्जाची पावती दाखवून घेतलं आणि तशीच बँकेत गेले.

संध्याकाळी लेकीच्या हातात दिला. तिने आधी फोटो बघितला आणि म्हणाली, "आई, ही तुझी पिन." आता तो तिच्या उशाखाली आहे, झोप लागली की काढून कपाटात ठेवते.

माझ्या स्वतःच्या पासपोर्टचा अर्ज आता डिसेंबरात भरेन. तेव्हा पुन्हा विचारायला येईनच.