रेआल देल मोन्तेचं इंग्रज कब्रस्तान

मेक्सिकोतल्या या खाणगावातल्या इंग्रज कब्रस्तानात सगळी थडगी एकाच दिशेला का, असा प्रश्न हमखास पडतो. ती इंग्लंडकडे तोंड करून आहेत म्हणतात, अपवाद फक्त एका विदूषकाचा! (मला हे जरा रंगवलेलं वाटतं, ख्रिस्ती थडगी एरवीही बहुधा पूर्व-पश्चिमच असतात.)

पण इथे कामाला निघालेल्या इंग्रज खाणकामगारांपैकी कितीतरी जण इथवर पोचलेच नाहीत. १८२५ साली चांदीच्या खाणींसाठी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून वाफेची इंजिनं घेऊन निघालेली माणसं मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या किनाऱ्यावरच पीतज्वराने पटापट गेली. जे तगले त्यांची खूण कब्रस्तानापेक्षा बेकरीत जास्त दिसते: त्यांच्या कॉर्निश 'पेस्टी'वरून आलेला 'पास्ते', म्हणजे मांस-बटाट्याची भलीमोठी करंजी, काठाला जाड मुरड घातलेली. आता तर त्यात अननससुद्धा भरतात.