मेंदूतल्या स्टेंटला मजबुती हवी की लवचिकपणा? (चर्चा)

उद्यमबागचा टर्नर

मावशीच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, निघालाय. फुटलेला नाही, डोकेदुखीसाठी एमआरआय काढला त्यात दिसला. आतल्या कॅरोटिड धमनीवर (मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी) आहे, तोंड रुंद. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरायच्या आणि त्या बाहेर येऊ नयेत म्हणून तोंडाशी स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, नाहीतर नुसता फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा लोंढा वळवणारी दाट जाळीची नळी. तेव्हापासून घरात एकच पालुपद : "पैशाचं बघू, पण मजबूत बघून घाला."

माझं म्हणणं, इथे मजबुतीचं माप लावणंच चूक. हृदयात चरबीने, कॅल्शियमने बुजलेली नळी बलूनने उघडायची आणि ती परत मिटू नये म्हणून आतून टेकू द्यायचा असतो. तिथे कडकपणा लागतोच. फुग्यापाशी नळी बुजलेलीच नसते, भिंत एका जागी कमजोर होऊन बाहेर आलेली असते. स्टेंटने कॉइल अडवायच्या किंवा रक्ताचा लोंढा फुग्याकडून वळवायचा, एवढंच काम. त्यात मेंदूतल्या धमनीची भिंत तेवढ्याच मापाच्या हृदयाच्या धमनीपेक्षा पातळ, भोवती मांसाचा आधार नाही, नुसतं पाणी. आणि कवटीच्या तळाशी कॅरोटिड अशी नागमोडी वळते की कडक नळी घातली तर स्टेंट वाकायच्या ऐवजी धमनीच सरळ व्हायला बघेल.

म्हणून नायटिनॉल. निकेल-टायटॅनियमचा हा मिश्रधातू ७-८ टक्के ताणला तरी मूळ आकारात परत येतो. स्टेंटचं स्टील अर्ध्या टक्क्याच्या आसपासच हार मानतं. म्हणूनच मायक्रोकॅथेटरच्या (स्टेंट आत नेणाऱ्या बारीक नळीच्या) मिलिमीटरही नसलेल्या भोकातून जाऊन तो बाहेर पडला की ४ मिलिमीटरला आपोआप उघडतो. आमच्या फोरमनला ७ टक्के सांगितलं तर तो म्हणाला, "रबर कापालाय काय?"

तर माझं मत, लवचिकपणा पहिला, बाकी सगळं मागून.

कॅथलॅबमध्ये उभा असतो

दादा, मऊ मऊ म्हणून भागत नाही ओ. स्टेंट भिंतीला सगळीकडून टेकायला पाहिजे. बाहेरच्या बाजूने ढकलायची ताकद, ज्याला आम्ही रेडियल फोर्स म्हणतो, ती कमी पडली की वळणाच्या आतल्या बाजूला स्टेंट भिंतीपासून सुटतो. त्या फटीत रक्त घुटमळतं आणि गुठळी धरते. मग फुगा राहतो बाजूला आणि पेशंटला लकव्याचा झटका.

लेझरने नळी कापून केलेल्या स्टेंटमध्येसुद्धा दोन जाती आहेत. अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळालेला न्यूरोफॉर्म हा स्टेंट ओपन सेलचा, म्हणजे मोकळ्या घरांचा (घर म्हणजे जाळीतलं एकेक भोक). त्याची कडी कडीशी मोजक्याच ठिकाणी जोडलेली, म्हणून वळण छान घेतो. पण त्याच मोकळेपणामुळे वळणाच्या बाहेरच्या अंगाला घरं फाकतात, टोकं वर येतात, आणि तिथून कॉइलचा वेढा धमनीत डोकावू शकतो. क्लोज्ड सेलच्या स्टेंटमध्ये घरं सगळी एकमेकांना बांधलेली. जागा चुकली तर पूर्ण सोडायच्या आधी परत कॅथेटरमध्ये ओढून घेता येतो, हा मोठा फायदा. पण आवळ वळणात तो चपटा होतो. तुमच्या हिशोबाने पहिला जिंकला. टेबलावर डॉक्टर कधी पहिला उचलतात, कधी दुसरा.

वडगावचा मागवाला

टर्नरदादा, तुम्ही नायटिनॉलच्या प्रेमात पडलाय. पाइपलाइन नावाचा फ्लो डायव्हर्टर बघा की. ४८ तारांची वीण : ३६ कोबाल्ट-क्रोमियमच्या, १२ प्लॅटिनम-टंगस्टनच्या (त्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून). नायटिनॉलचा पत्ता नाही! कोबाल्ट-क्रोमियम म्हणजे तुमच्या भाषेत कडकच धातू, हृदयाच्या स्टेंटला वापरतात तोच. तरी तो वळणातून जातो.

कारण तार साधारण ३० मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). तारेचा वाकण्याला विरोध जाडीच्या चौथ्या घातात चालतो. जाडी निम्मी केली की विरोध सोळाव्या हिश्शावर. वर ह्या तारा कुठे डागलेल्या नसतात, एकमेकींवरून सरकतात. म्हणजे मऊपणा विणीतून आला. तेव्हा धातूचं नाव विचारून काही कळत नाही.

आणि विणलेल्या नळीचा स्वभाव वेगळा. पायजम्याची पोकळ नाडी ओढली की लांब आणि बारीक होते, दोन्हीकडून दाबली की आखूड आणि जाड. स्टेंटचंही तसंच. कॅथेटरमधून सुटताना तो निम्म्याच्या आसपास आखडतो. म्हणजे कुठे बसणार ते सोडणाऱ्याच्या हातावर.

उद्यमबागचा टर्नर

मागवाले काका, विणीचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा झाला. धातू कडक असूनही बनवणाऱ्याने एवढी खटपट कशासाठी केली? लवचिकपणासाठीच ना?

वडगावचा मागवाला

नाही, जाळी दाट व्हावी म्हणून. फ्लो डायव्हर्टरमध्ये भिंतीचा जवळपास तिसरा हिस्सा धातूने झाकतो, कॉइलवाल्या स्टेंटमध्ये त्यापेक्षा खूपच कमी. दाट जाळीमुळे फुग्यातलं रक्त मंदावतं, थिजतं, आणि तोंडावर हळूहळू नवी अस्तर-त्वचा येते. आता गंमत बघा. ४ मिलिमीटरच्या धमनीत ५ चा डायव्हर्टर घातला तर तो पूर्ण उघडत नाही, ओढलेल्या नाडीसारखा लांबटच राहतो, भोकं मोठी राहतात आणि झाकण कमी पडतं. मापात घोळ झाला की तोच स्टेंट, तीच तार, पण काम निम्मं.

निपाणीची फार्मासिस्ट

सगळे पुरुष मिळून तारा मोजालाय. मी रोज काउंटरला बसते तिथून सांगते. धातू कुठलाही असो, आत घातला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ह्या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या काही महिने बरोबर चालवाव्या लागतात. लोक दोन महिन्यांनी येतात, "आता बरं वाटतंय, एकच द्या." किंवा दात काढायचा म्हणून स्वतःच बंद करतात. तुमचा ३० मायक्रॉन तिथे काय करणार? मावशीला पोटाचा अल्सर आहे का, आधी रक्तस्राव झालाय का, घरात गोळ्या कोण देणार, हे आधी विचारा. दोन गोळ्या झेपणारच नसतील तर स्टेंटची चर्चाच संपली.

फुटलेल्या फुग्यात डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात तेही ह्याच कारणाने. रक्त पातळ करायची वेळ ती नव्हे.

चिकोडी एक्स्प्रेस

पैशाचं कोणीच बोलेना. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, साध्याला ७,२६० आणि औषधवाल्याला २९,६०० रुपये. ती हृदयाच्या स्टेंटची. लोक तोच आकडा धरून मेंदूच्या वॉर्डात जातात आणि एस्टिमेट बघून भोवळ येते. हृदयाचे स्टेंट सुरत-वापीकडे बनतात. मग आपल्या बेळगावात एवढ्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीन) आहेत, विमानाचे भाग जातात इथून, मेंदूचे का बनू नयेत? ते झालं की मजबूत-लवचिक वाद घालू.

उद्यमबागचा टर्नर

बनतील तेव्हा बनतील. कापणं सोपं, पुढचं अवघड. नायटिनॉलला साच्यावर धरून ५०० अंशांच्या आसपास आकार बसवायचा, आकार परत घ्यायचं तापमान अंगाच्या ३७ च्या खालीच राहील असं पाहायचं, मग कडा इलेक्ट्रोपॉलिश, म्हणजे विजेने गुळगुळीत, करायच्या. भट्टीत थोडं इकडेतिकडे झालं की सगळा स्वभाव बदलतो. व्हॉल्व्हच्या कास्टिंगमध्ये चालतं तसलं ॲडजस्ट तिथे चालत नाही.

मेकॅनिकल शिकवतो

दोन्ही बाजूंना एक टोचणी. रेडियल फोर्स बहुतेक वेळा सरळ नळीत मोजलेला असतो. मेंदूत सरळ नळी आहे कुठे? वाकवल्यावर तोच स्टेंट कुठे चपटा होतो, कुठे सुटतो, हे खरं माप. वाद घालायचाच तर बनवणाऱ्यांनी वाकलेल्या अवस्थेतले आकडे छापावेत यासाठी घाला.

तार तुटायची भीती मात्र फार धरू नका. शरीरातल्या स्टेंटची चाचणी साधारण १० वर्षांच्या ठोक्यांची, म्हणजे जवळपास ४० कोटी आवर्तनांची घेतात. मांडीतल्या धमनीत चालताना स्टेंट पिळतो, वाकतो, तिथे तुटल्याची उदाहरणं आहेत. कवटीत तसली हालचाल नसते.

उद्यमबागचा टर्नर

सर, मग तुम्हीही मजबुतीच्या विरुद्धच झाला.

मेकॅनिकल शिकवतो

मी एका आकड्याच्या विरुद्ध आहे. तुमचा आकडा मऊपणाचा, मावशीच्या घरच्यांचा मजबुतीचा.

उद्यमबागचा टर्नर

बरं. मिरजेला दुसरं मत घ्यायला जातोय. रिपोर्टची झेरॉक्स आहे, संमतीपत्र कन्नड-इंग्रजीत, त्यात 'डिव्हाइस' एवढंच लिहिलंय. मी तरी लवचिकपणाच विचारणार.

कॅथलॅबमध्ये उभा असतो

झेरॉक्सवर काही होत नाही ओ. डीएसए अँजिओग्राफी (डाय सोडून रक्तवाहिन्यांचा एक्स-रे) झाली असेल तर तिची सीडी न्या. फुग्याच्या अलीकडे धमनी किती मिलिमीटर, पलीकडे किती, ते त्यावरून मोजतात. मागवाल्या काकांचा ५ आणि ४ चा घोळ तिथेच टळतो. आणि मावशीला निकेलच्या दागिन्याने अंगावर पुरळ येतं का, तेही सांगा. डॉक्टर गडबडीत विचारायचे राहतात.

निपाणीची फार्मासिस्ट

आणि अल्सरचं!