लेआचे डोळे: निस्तेज, कोमल की नाजूक?

तळटीप: बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकात २९:१७ पाशी अनुवाद अडलाय. याकोबाची पहिली बायको लेआ, तिच्या डोळ्यांना हिब्रूत 'रक्कोत' म्हटलंय. मसुद्यात 'निस्तेज' आहे, संपादकांना 'कोमल' हवंय. काय ठेवावं?

पोथीवाचक: 'निस्तेज' पहिलं काढा, मूळ शब्दात तेजाचा संबंधच नाही. त्यातलं 'रक' हे विशेषण कोवळ्या वासराला (१८:७), याकोबाच्या लहानग्यांना (३३:१३), सौम्य उत्तराला (नीतिसूत्रे १५:१) आणि भित्र्या मनालाही ('अनुवाद' हे पुस्तक, २०:८) लागतं. प्राचीन ग्रीक भाषांतराने 'दुबळे' धरलं, लॅटिनने तर थेट 'चिपडे'.

वेलांटी: मग 'नाजूक' घ्या. नाजूक हात हे कौतुक, नाजूक प्रकृती ही काळजी. दोन्ही छटा एकाच शब्दात.

काना-मात्रा: 'नाजूक' फारसी आहे. धर्मग्रंथाला 'मृदू' शोभेल. आपला 'मऊ' त्याच्यापासूनच, प्राकृतातून आलाय.

वेलांटी: 'जमीन', 'हवा', 'जागा' हेही बाहेरूनच आले, ते काय गाळणार? आणि मृदू आवाज, मृदू स्वभाव ठीक. मृदू डोळे कोण म्हणतं?

पोथीवाचक: विशेषणाइतकंच अव्ययही जपा. हिब्रू 'व' म्हणजे 'आणि' किंवा 'पण'. लेआची धाकटी बहीण राहेल, तिच्याबद्दल 'पण राहेल देखणी होती' लिहिलंत की लेआ कुरूप ठरली. तिथे अर्धविराम द्यावा.
राहेलसाठी जी शब्दांची जोडी आहे, बांधा सुंदर आणि रूप सुंदर, तीच ३९:६ मध्ये तिच्या मुलाला, योसेफाला आहे. लगेच पुढच्या वचनात मालकाच्या बायकोची नजर त्याच्यावर जाते. या ग्रंथात रूपाचं वर्णन क्वचित येतं, आणि आलं की बहुधा कथा तिथे वळते. म्हणून राहेल 'लावण्यवती' आणि योसेफ 'राजबिंडा' केलात तर दुवा तुटतो. 'बांधेसूद, देखणी' आणि 'बांधेसूद, देखणा' ठेवा.

तळटीप: लेआच्या डोळ्यांनी काय वळतं?

पोथीवाचक: २७:१ मध्ये याकोबाचा बाप इसहाक याचे डोळे मंदावतात आणि याकोब त्याला फसवतो. २९:२३ मध्ये रात्री राहेलऐवजी लेआला आत आणतात, २५ मध्ये सकाळी याकोबाला कळतं की आता तोच फसलाय. एकीकडे 'दृष्टी', दुसरीकडे 'नेत्र' असं करू नका. दोन्हीकडे 'डोळे'च हवेत.

काना-मात्रा: याच न्यायाने 'अदमोनी'चं, म्हणजे लाल छटेच्या विशेषणाचं, काय? याकोबाचा भाऊ एसाव (२५:२५) आणि दावीद राजा (१ शमुवेल १६:१२) दोघांनाही तोच शब्द आहे. 'आरक्त' करावं का?

वेलांटी: आरक्त म्हणजे रागाने किंवा लाजेने लाल. 'तांबूस' बरा.

काना-मात्रा: तांबूस तर आभाळही असतं. 'ताम्रवर्णी' म्हणा.

पोथीवाचक: 'वर्णी' जोडलं की कातडीचा रंग ठरून जातो. दावीदाच्या बाबतीत लाली कातडीची की केसांची, हे मजकूर सांगत नाही. नुसतं 'तांबूस' लिहिलं तर दोन्ही वाटा खुल्या राहतात.

काना-मात्रा: एसावाचं सगळं अंग केसाळ झग्यासारखं होतं. तिथे तरी केसच आहेत, मग 'लालसर' का नको?