मदत हवी आहे: चांगदेवच्या संगमावर स्नानाचे फोटो

भाऊहो, महाशिवरात्रीला चांगदेवला (जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगरजवळचं गाव) तापी-पूर्णेच्या संगमावर सकाळच्या स्नानाचे फोटो काढायचेत, मुक्ताईच्या दिंड्या पण तेव्हाच येतात. लेन्स १८-५५ किट आणि ५० एमएम. अडचण अशी की ऊन वर आलं की पाणी इतकं चमकतं की अर्घ्य देणाऱ्या आजोबांचा चेहरा पार काळा पडतो, आणि चेहरा उजळवला की ओंजळीतली धार पांढरीफटक होते, एक थेंब वेगळा दिसत नाही. स्पॉट मीटरिंग (फक्त चेहऱ्यासारख्या छोट्या भागावरचा उजेड मोजणं) ठेवू की एक्स्पोजर कमी ठेवून, म्हणजे फोटो थोडा काळपट ठेवून, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढू आणि नंतर एडिटिंगमध्ये सावल्या उचलू, म्हणजे काळे भाग उजळवू? आणि माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं, आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो मला अजिबात नकोत, मग नावेतून काढावं की काठावरून पाठमोरे? त्या दिवशी नाव मिळते का? कोणी काढले असतील तर सांगा प्लीज.